सांतानची कणसं बाळाच्या मळ्यात

सप्टेंबरच्या दोन तारखेला सकाळी सांतान फर्नांडिस शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, उभा राहिला. त्याने आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मग आपल्याला कोणी पाहत नाही ना, ते पाहिलं.

वरचं भरड त्याचं स्वतःचं. तिथलं भात हिरवंगार होतं आणि कणसाचा पत्ता नव्हता. खालचा मळा बाळा परबाचा. तिथे भात पिवळंधमक झालं होतं आणि कणसं दाण्यांच्या भाराने वाकली होती. खाजणवाडीत कोणाही शेंबड्या पोराला विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं की हे साफ उलट आहे. सांतानच्या भरडात दरवर्षी हळवं भात, पावसाळा सरायच्या आत तयार होणारं. बाळाच्या मळ्यात पाणी साचून राहतं, म्हणून तिथे गरवं, ते सावकाश ऑक्टोबरात पिकणारं. असं बापजाद्यांपासून चालत आलेलं. यंदा मात्र सांतानच्या शेतात बाळाचं भात उभं होतं आणि बाळाच्या शेतात सांतानचं.

आता यात एवढं काय बिघडलं, असं कोणी परगावचा माणूस विचारील. बिघडलं असं की आठ तारखेला सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त होतं. त्या दिवशी वाडीतल्या लहानशा चर्चमध्ये नवी कणसं आणतात, फादर त्यांच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात आणि प्रत्येक घर एकेक कणीस नेऊन दारावर बांधतं. ती पहिली जुडी फर्नांडिसांच्या शेतातली. चार पिढ्या. सांतानचा पणजा इनास याने सुरू केलेलं हे काम एका वर्षीही चुकलं नव्हतं. वादळात चर्चची अर्धी कौलं उडाली, त्या वर्षीसुद्धा सांतानचा बाप छत्री घेऊन जुडी मिरवत गेला होता. सांतानकडे दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. एसटीत मेकॅनिक म्हणून तीस वर्षं काढली, तिथे गाडी चालली तर ड्रायव्हरचं नाव आणि बंद पडली तर मेकॅनिकचं. वर्षातून एक दिवस तो जुडी खांद्यावर घेऊन चर्चच्या मधल्या वाटेने चालायचा, तेव्हा सगळी वाडी उभी राहायची. तो एक दिवस जायची वेळ आली होती.

आणि हे सगळं त्याच्याच हाताने झालं होतं. हे फक्त त्याला ठाऊक होतं.

झालं होतं असं. मे महिन्यात बाळाने घराचं छप्पर उतरवलं. घर उघडं, म्हणून बियाण्याची मुडी त्याने सांतानच्या माळ्यावर आणून ठेवली. मुडी म्हणजे पेंढा गच्च आवळून बांधलेला बियाण्याचा गरगरीत गोळा. बाहेरून सगळ्या मुड्या सारख्याच, म्हणून प्रत्येक घराची खूण असते. सांतानच्या मुडीवर झावळ्यांच्या आयतवारी चर्चमधून आणलेला माडाच्या पात्याचा खुरीस, म्हणजे क्रूस. बाळाच्या मुडीवर हळदीत बुडवलेलं फडकं. ते बाळाची थोरली बहीण काशीबाई स्वतः बांधायची.

एका दुपारी सांतानला माळ्यावर मुंग्या दिसल्या. त्याने दोन्ही मुड्या खळ्यात आणल्या, झाडल्या, उन्हात फिरवल्या. या झटापटीत खुरीस एकीकडे पडला आणि फडकं दुसरीकडे. कुठलं कुठे होतं? पेंढ्यात बोट घालून चार दाणे काढले असते तर कळलं असतं. सांतानच्या हळव्याला बारीक कुसळ असतं, बाळाच्या गरव्याला नसतं. पण ते कुसळ बघायला चष्मा लागतो, आणि चष्मा फ्रिजवर होता. चष्मा हा पेपर वाचायला असतो, शेतीला नव्हे, असं सांतानचं मत होतं. "डोळ्यार घाल तो, नायतर इकून टाक," असं रोझालिना, त्याची बायको, दोन वर्षं सांगत होती. त्याने अंदाजाने खुणा बांधल्या. मनात एक शंका चुकचुकली, पण जेवणाची वेळ झाली होती आणि घरात बांगड्याचं तिखलं होतं.

अशा रीतीने बाळाच्या बियाण्याला खुरीस लागला आणि सांतानच्या बियाण्याला हळद. पंधरा ऑगस्टला शाळेतलं झेंडावंदन आटोपून दोघे मित्र मेरेवर आले, तेव्हा बाळाचा मळा निसवला होता, कणसं बाहेर पडली होती, आणि सांतानचं भरड ढिम्म होतं.

"बाळग्या, माजां बी तू पेरलंस!" सांतान ओरडला.

"मी? तुयाच हळदीचां फडक्यां बगून मुडी माज्या खांद्यार दिलंस!"

"चोर तो चोर आनी वर शिरजोर!"

इथे सांतानला एकदम खळं आठवलं. ऊन आठवलं, खाली पडलेला खुरीस आठवला, तिखल्याचा वाससुद्धा आठवला. पण भांडण असं रंगात आलेलं, अर्ध्यातून मागे फिरायचं तर कसं फिरायचं? तो अजून मोठ्याने ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. नवल म्हणजे बाळा, जो एरवी म्हशीलाही आवाज चढवून बोलत नाही, तोही त्या दिवशी तितक्याच मोठ्याने ओरडला. मग दोघे दोन वाटांनी घरी गेले आणि बोलणं संपलं.

बोलणं संपलं म्हणजे बरंच काही संपलं. रोज दुपारी चार वाजता करंजाच्या झाडाखाली दोघांचा चहा व्हायचा, तो संपला. भांड्यांची येजा संपली. रोझालिनाची इडलीसारखी सान्नां तिकडे जायची, काशीबाईचे घावने इकडे यायचे. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत. त्यात पंधरा ऑगस्टलाच गोकुळाष्टमी होती आणि सकाळी काशीबाईने टोप भरून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ पाठवली होती. तो टोप रोझालिनाकडे अडकला. भरून पाठवावा तर भांडण चालू, रिकामा पाठवावा तर रीत मोडते. घासूनपुसून तो खिडकीत ठेवलेला होता आणि सांतान जेवायला बसला की बरोबर त्याच्या समोर चमकायचा.

चवथही तशीच गेली. बाळाच्या गणपतीपुढे झांज वाजवायचा मान सांतानचा. दर आरतीला तिसऱ्या कडव्याला त्याचा ताल चुकायचा आणि सगळे हसायचे. यंदा आरत्या अगदी तालात झाल्या आणि कोणालाही आवडल्या नाहीत.

तर दोन तारखेला सांतान मेरेवरून घरी आला, तो दारात शेल्डन स्कूटर लावून उभा. शेल्डन हा चर्चच्या कमिटीचा नवा सेक्रेटरी, वय चोवीस. फेस्ताचं सगळं काम तो मोबाइलवर करतो आणि ते झालं की नाही, हे माणसांना घरोघर जाऊन विचारतो.

"अंकल, तुमच्या शेतात कणसां दिसणत नाय."

"दिसतली."

"सहा दिसांत?"

"सायबीण करतली काय ता."

"टेन्शन घेव नकात. म्हापशाक डेकोरेशनचा दुकान आसा. थंय कणसांची जुडी मेळता. एकदम सोनेरी. धुवन परत वापरूक येता."

"प्लास्टिकची?" सांतानने विचारलं.

"फायबरची," शेल्डन म्हणाला, जणू त्याने पाप धुऊन निघत होतं.

"शिरां पडो तुज्या फायबरार! सायबिणीक फायबरची पेज घालतलंस?"

शेल्डन गेला. जाताना एवढंच म्हणाला की शनिवारपर्यंत कळवा, नाहीतर त्याला ऑर्डर द्यावी लागेल. सांतान रात्री जेवला नाही. म्हणजे भात खाल्ला नाही. मासे दोन खाल्ले.

गुरुवारी त्याने ठरवलं की आता लाज सोडायची. जुडी म्हणजे किती, वीस-पंचवीस कणसं. बाळाच्या मळ्याच्या कडेने हळूच हाताने खुडली, तर कोणाला कळणार? आणि चोरी तरी कसली, बी तर आपलंच. अशी मनाची समजूत घालून, दिवसाउजेडी, हातात पिशवी घेऊन तो मळ्याच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. पहिल्या कणसाला हात लावला आणि डोक्यावर टण टण टण असा आवाज झाला.

मळ्याच्या मधोमध काशीबाई तेलाचा रिकामा डबा घेऊन पोपट हाकलायला बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण डब्यावर दांडा असा पडायचा की पोपट खाडीपलीकडे जायचे.

"कोण रे तो? पोपट काय सांतान?"

"मी गो, काशीबाय."

"काय सोधतंस?"

"चष्मो. चष्मो पडलो माजो."

"चष्मो तुज्या खिशात आसा."

खरंच होता. रोझालिनाने सकाळीच कोंबला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर गावाला वळसा घालायलाही सवड मिळाली नाही. सांतानने चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला.

काशीबाईने दांडा खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "सांतान, तू शेतात चष्मो कधी घातलंस रे?"

सांतानने पिशवी पाठीमागे लपवली.

"मे म्हयन्यात घातलेलंस?"

सांतान कणसाकडे बघत राहिला. काशीबाईने त्याहून जास्त विचारलं नाही. ती आपल्याच दुःखाचं बोलू लागली, आणि तिचं दुःख काही लहान नव्हतं. परबांकडे नवं भात नव्याच्या पुनवेला घरात येतं. त्या दिवशी पहिली कणसं कापायची, देवाला दाखवायची, आंब्याच्या पानात बांधून दारावर, तुळशीला, विहिरीला लावायची. त्याआधी विळा लावायचा नाही. आणि पुनव होती सहा ऑक्टोबरला.

"आनी ह्यां मेल्यां भात आज पिकून उभां," ती म्हणाली. "म्हयनोभर रवात? वाऱ्यार दाणे गळतत. कापूचां तर देवाक काय सांगू? नाय कापलां तर पोपट खातले. माज्या आजयेन पुनवेआदी विळो लावूक नाय, आवशीन लावूक नाय. मी लावतलंय काय?"

"मगे काय करतलंस?"

"डबो वाजयतलंय," काशीबाई म्हणाली आणि टण टण सुरू झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. आणि ती सांतानच्या चष्म्यापायी. पिशवी रिकामीच घेऊन तो घरी आला. आता त्याला जुडीपेक्षा त्या डब्याचा आवाज छळू लागला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत टण टण. प्रत्येक टोल्याला त्याचंच नाव.

शनिवारी संध्याकाळी तो कुमसाराला गेला. चर्चमध्ये त्या जाळीमागे बसून पापं सांगायची असतात. सांतान वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी जायचा आणि दरवर्षी तीच तीन पापं सांगायचा. यंदा सप्टेंबरात त्याला बघून फादर केव्हिन जाळीमागे जरा सावरून बसले. वय पस्तीस, माणूस शांत, आणि वाडीतली सगळी माहिती पोटात ठेवून ठेवून चेहरा कायम थोडा अवघडलेला.

सांतानने सगळं सांगितलं. खळं, मुंग्या, खुरीस, फडकं, तिखलं.

"तिखलां पाप न्हय," फादर म्हणाले. "फुडे सांगा."

त्याने पुढचंही सांगितलं. बाळाला चोर म्हटलं ते सांगितलं, मळ्यात पिशवी घेऊन गेलो ते सांगितलं.

"बरां," फादर म्हणाले. "पाच नमान मारिये, सायबिणीची प्रार्थना, म्हणा. आनी बाळाच्या घराक जावन त्येका खरां ता सांगा."

जाळीच्या अलीकडे सांतानने मनातल्या मनात हिशेब केला.

"फादर, पन्नास नमान मारिये म्हटल्यार चलतला?"

"ह्यो बाजार न्हय, अंकल."

"शंभर?"

फादरनी खिडकी लावून घेतली.

रविवारी चर्चमधली मीस, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर सांतान घरी आला तेव्हा रोझालिनाने खिडकीतला टोप काढला होता. त्यात गरम सान्नां रचली होती, माडाची सूर म्हणजे माडी घालून फुगवलेली, वर केळीचं पान. तिने काही विचारलं नाही. तेवीस दिवस नवऱ्याचं तोंड बघून तिला सगळं कळलेलं होतं, फक्त त्याने चष्मा घालावा म्हणून ती थांबली होती.

"टोप न्हे," ती म्हणाली. "आनी ह्यो डोळ्यार."

बाळा पडवीत बसून पेंढ्याची दोरी वळत होता. सांतानला बघून त्याचे हात थांबले नाहीत, पण दोरी उलटी वळू लागली. काशीबाई उंबऱ्यात डबा घेऊन बसली होती. घरीसुद्धा तो ती खाली ठेवत नसे.

सांतानने टोप खाली ठेवला आणि उभ्यानेच, पाठ केलेलं म्हणावं तसं, म्हणून टाकलं. "बाळग्या, मुडये मी बदललंय. खुणो पडल्यो. चष्मो नाय होतो. मी अंदाजान बांधलंय. आनी तुका चोर म्हटलंय तेव्हा माका ठावक होतां. आता माका काय म्हणाचां ता म्हण."

बाळाने दोरीत आणखी पेंढा घातला. दोरी वळत राहिला. मग खाली बघूनच बोलला, "माकाव ठावक होतां."

"काय ठावक होतां?"

"रोयणीत पेरूक मुडी फोडली तेव्हाच. कुसळां हाताक लागली."

सांतानला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "म्हणजे माजां बी, असां जाणून पेरलंस?"

"पेरलंय."

"कित्याक?"

"कित्याक? वीस वर्सां तुज्याकडे मूठभर बी मागतंय, दिलंस कधी?" बाळाचा आवाज पुन्हा चढला. "तुज्या घराकडची पेज शिजता तेव्हा वास माज्या पडवीत येता. मी हय बसान आमच्या जाड्या भाताची पेज खातंय आनी वास तुज्या पेजेचो घेतंय! वीस वर्सां! मुडी फोडली, बगलंय, म्हटलां देवान दिलां. मी नाय म्हणणारो कोण?"

हे खरं होतं. ते हळवं बी इनास पणजाने कुठून आणलं कोणाला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या पेजेला असा वास सुटायचा की वाटेवरचा माणूस थांबायचा. बी घराबाहेर द्यायचं नाही, असं इनास सांगून गेला होता. सांतानने सख्ख्या मेहुण्याला, आरोंद्याहून आला होता तरी, दिलं नव्हतं.

"आनी माज्या भरडात गरवां गेलां त्येचां काय?" सांतान ओरडला.

"ता माका मागसून सुचलां! तवसर तू पेरून मोकळो झालंस!"

"म्हणजे चोर तूच!"

"आनी आंधळो तू!"

टण! काशीबाईने डब्यावर असा टोला मारला की दोघेही पोपटासारखे गप्प झाले.

"झाली गजाल?" ती म्हणाली. "आता माजां आयका. एक आंधळो, एक लबाड. दोगांचां मेळान माज्या डोक्यार म्हयनोभर डबो. सांतान, तुका कणसां कधी व्हयी?"

"फाल्यां सकाळी."

"फाल्यां मळ्यात ये. विळो घेवन ये, तुजोच. शेत आमचां, पण बी तुजां. ज्येचां बी, त्येचो पयलो विळो. तुया कापलंस, तुज्या देवाक दाखवलंस, की भात मोकळां झालां. मगे आमी कापू, झोडू आनी कणगीत भरून ठेवू. पण पुनवेपर्यंत त्यातलो एक दाणो ह्या घरात शिजाचो नाय. आनी पुनवेक आमचां नवां तुज्या भरडातलां. थंय बी आमचां आसा."

बाळाने डोकं खाजवलं. "आके, ही रीत कधीची?"

"आजची," काशीबाई म्हणाली. "फाल्यांपासून जुनी."

मग तिने टोपावरचं पान बाजूला केलं, एक सान्न उचललं आणि बोटाने दाबून बघितलं. "रोझालिनाक सांग, सूर वायच जास्त झाली." एवढं बोलून तिने ते अख्खं खाल्लं.

सोमवारी उजाडता उजाडता सांतान मळ्यात उतरला. चष्मा डोळ्यांवर होता. चष्म्यातून त्याने आपलं भात पहिल्यांदा एवढं जवळून बघितलं. एकेक कुसळ दिसत होतं. इतकं देखणं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने कणसं कापली, जुडी बांधली आणि तिच्यावर माडाच्या पात्याचा खुरीस खोवला. काशीबाईने पुढे होऊन कुरडूची दोन फुलं खोवली.

चर्च भरलं होतं. सांतान जुडी खांद्यावर घेऊन मधल्या वाटेने चालला आणि सगळी वाडी उभी राहिली. दारात, दरवर्षीप्रमाणे, बाळा टोपी हातात घेऊन आणि काशीबाई पदर सावरून उभी होती. पहिल्या बाकावर शेल्डन, फायबरची जुडी पिशवीतच ठेवून, मोबाइलवर चित्रण करत होता.

फादर केव्हिननी जुडी हातात घेतली, सगळे बसले, आणि त्यांनी दरवर्षी म्हणतात ते म्हणायला सुरुवात केली. "ही नव्या पिकाची पहिली कणसं, आपल्या फर्नांडिस कुटुंबाच्या..."

इथे फादर अडखळले. आता विचार करा त्या बिचाऱ्या माणसाचा. शेत कोणाचं ते त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक झालं होतं जाळीमागे, आणि जाळीमागचं मेलं तरी बाहेर काढता येत नाही. खोटं बोलावं तर अल्तारासमोर, देवाच्या वेदीपुढे, उभे. ते खोकले. छताकडे बघितलं. पाण्याचा घोट घेतला. परत खोकले.

"फर्नांडिस कुटुंबाच्या..."

सांतानला नुसतं गप्प बसायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फादर "शेतातली" म्हणतील, पाणी शिंपडतील, चार पिढ्यांचं चार पिढ्यांसारखं राहील. कुमसार झालं होतं, बाळाला सांगून झालं होतं, देवाचा आणि शेजाऱ्याचा विषय मिटला होता. वाडीला सांगायचं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. चष्म्यामुळे सगळं फार स्पष्ट दिसत होतं. बाळा जुडीकडे बघत होता. त्याच्या मळ्यातली कणसं जन्मात पहिल्यांदा अल्तारावर गेली होती आणि तो दुसऱ्याचं नाव ऐकायला, टोपी हातात घेऊन, उंबऱ्याबाहेर उभा होता.

सांतान उठला.

"फादर, शेत बाळा परबाचां."

सगळ्या माना वळल्या.

"बी माजां, शेत बाळाचां," सांतान म्हणाला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मुडये बदलल्यो. मी बदललंय. चष्मो फ्रिजार होतो."

मग मागच्या बाकावरून रोझालिनाचा आवाज आला, "दोन वर्सां सांगतंय!" आणि अख्खं चर्च हसायला लागलं. फादर केव्हिन सगळ्यात जास्त हसले. छातीवरचा धोंडा उतरलेल्या माणसाचं हसू होतं ते. त्यांनी नीट आवाज लावून म्हटलं, "फर्नांडिस कुटुंबाच्या बियाण्याची, परब कुटुंबाच्या मळ्यातली," आणि इतकं पाणी शिंपडलं की शेल्डनचा मोबाइल भिजला. बाळाने टोपी घातली, परत काढली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून काशीबाईच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात मळा कापून झाला. काशीबाईने भात कणगीत भरलं आणि शब्दाप्रमाणे झाकण लावलं. सांतानच्या देवाने नवं भात मोकळं केलं होतं, म्हणून त्याच्या घरी मात्र तिने दोन पायल्या पाठवल्या. रोझालिनाने ते सडलं आणि पेज टाकली. वास घरभर फिरला, अंगणात गेला आणि वाऱ्याने सरळ बाळाच्या पडवीकडे निघाला. सांतानने वाटीकडे बघितलं आणि उठून खिडकी लावली.

"काय झालां?" रोझालिनाने विचारलं.

"माका रेशनच्या तांदळाची दे. ही पुनवेक."

"तुजो देव रागावणा नाय, फेस्त झालां."

"देव नाय गो. बाळो थंय वास घेता."

रोझालिनाने ती वाटी स्वतः खाल्ली. पेज कोणाच्या व्रतासाठी थांबत नाही, असं तिचं म्हणणं. सांतान महिनाभर रेशनच्या तांदळाची पेज खात राहिला आणि महिनाभर चिडचिडत राहिला. त्यागाने माणूस गोड होतो असं म्हणतात. ते म्हणणाऱ्यांनी सांतानला बघितलेलं नाही. चार वाजताचा चहा मात्र रोज होत होता, आणि बाळाला त्याने पेजेचं काही सांगितलं नाही. रोझालिनाने दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

पुनवेला बाळा विळा घेऊन सांतानच्या भरडात आला. भरडात पाणी कमी पडून गरवं यंदा बुटकं राहिलं होतं, पण कणसं धरली होती. त्याने नवं कापलं, देवाला दाखवलं, दारावर बांधलं. दुपारी चार वाजता करंजाच्या झाडाखाली काशीबाई टोप घेऊन आली. आत नव्या हळव्याची पेज होती, बाजूला केळीच्या पानावर सुक्या बांगड्याचा तुकडा आणि लिंबाचं लोणचं. पुनवेचं म्हणून बांगडा फक्त सांतानला.

बाळाने वाटी उचलली. वीस वर्षं वास घेतलेली पेज पहिल्यांदा तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. सांतान आपली वाटी हातात धरून बघत होता. पणजाची, आजाची, बापाची सगळ्यांची परीक्षा चालली होती जणू.

"मीठ कमी," बाळा म्हणाला. आणि त्याने तीन वाट्या खाल्ल्या.

सांतानला इतका आनंद झाला की त्याला बोलल्याशिवाय राहवेना. तो घसा खाकरून, पणजा इनासची मनातल्या मनात माफी मागून, सावकाश म्हणाला, "बाळग्या, आता सांगतंय तां आयक. फुडल्या वर्सा ह्या बियातली एक मूठ मी तुका देतलंय. माज्या हातान."

बाळा खायचा थांबला. त्याने सांतानकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं.

"एक मूठ?" तो म्हणाला. "मेल्या, माजी कणगी भरली आसा त्येनी. तुज्याकडे दोन पायल्ये होते, ते रोझालिनान शिजवन खाल्ल्यान. बी तुका माज्याकडसून न्हेवचां लागतलां."

चार पिढ्यांनी जपलेलं बी, आणि आज त्याच्या घरात त्याचा एक दाणा नव्हता. पेजेच्या वाफेने चष्मा धुरकटला होता. तो त्याने काढला आणि त्याला हसूच आवरेना. बाळाही हसायला लागला, पेज त्याच्या नाकात गेली आणि काशीबाईने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले.

"देशीत मरे?" सांतानने विचारलं.

"बघूया," बाळा म्हणाला. "वीस वर्सांनी इचार."

"गप रवा दोगांव," काशीबाई म्हणाली. तिने पदराच्या टोकाने सांतानचा चष्मा पुसला आणि त्याच्या हातात दिला. "आनी तू ह्यो पयलो डोळ्यार घाल. फाल्यां मुडये बांधूचे आसत."